आधी रिकामा काटा

बाजारात तिला सगळे काटेबाई म्हणत. दुकानांतले वजनकाटे तपासायचे आणि त्यांवर सरकारी शिक्का मारायचा, हे तिचं काम. ती दारात दिसली की भल्याभल्यांना घाम फुटे. तिची पद्धत ठरलेली होती. काटा आधी रिकामा बघायचा, शून्यावर आहे ना ते. मगच पेटीतलं वजन त्यावर ठेवायचं. ही शिस्त बाबांची. त्यांनी चाळीस वर्षं काटे दुरुस्त केले होते आणि काट्यांच्या सगळ्या खोड्या त्यांना तोंडपाठ होत्या.

त्याच बाबांची छाती उघडून हृदयाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा काटेबाई साडेपाच तास बाहेरच्या बाकावर बसून होती. समोर भिंतीवर आग विझवायचं नळकांडं लटकत होतं. त्याच्या तपासणीची मुदत संपून दोन महिने झालेत, एवढंच तिच्या लक्षात राहिलं. रडू आलं नाही, भीतीही वाटली नाही. डॉक्टर बाहेर येऊन "सगळं नीट झालं" म्हणाले, तेव्हा आनंदही झाला नाही. आपण माणूस आहोत की दगड, असं तिच्या मनात आलं आणि त्याचंही तिला फारसं काही वाटलं नाही.

घरी आल्यावर ती नुसती राबत राहिली. वेळच्या वेळी गोळ्या द्यायच्या, खोकला आला की छातीशी धरायला उशी द्यायची, जिन्यात मागे उभं राहायचं. डॉक्टरांनी एक गोष्ट बजावली होती: रोज सकाळी वजन करा; दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर अंगात पाणी साठतंय, लगेच घेऊन या. ती चहा घेऊन येईपर्यंत बाबा काट्यावर उभेच असत, शाळेतल्या शहाण्या मुलासारखे.

"बघ, बासष्ट," ते म्हणत.

ती वाकून बघे आणि वहीत लिही. दुसऱ्या दिवशी बासष्ट, तिसऱ्या दिवशीही बासष्ट. पाच दिवस बासष्ट. वही मिटताना तिला जरा हायसं वाटे. त्या दिवसांत तिला काही वाटे, ते तेवढंच.

सहाव्या दिवशी ती त्यांचे मोजे काढत होती. मोज्याच्या रबराचा वळ पायात खोल रुतला होता. तिने नडगीवर अंगठा दाबून उचलला. खळगा तसाच राहिला. तिने वही उघडली. माणूस खातो, पितो, त्याचं वजन थोडं इकडेतिकडे होणारच. पाच दिवस एकाच आकड्यावर खिळलेला काटा तिने बाजारात दारातूनच ओळखला असता. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच.

तिने कामाची पेटी आणली आणि काट्यावर वीस किलोचं वजन ठेवलं. काट्याने सतरा दाखवले.

"काटा कधी फिरवलात?"

"रोज थोडा थोडा," बाबा म्हणाले. "शून्य लावायचं मागचं चाक, पायाच्या अंगठ्याने. वाकायला मनाई आहे, अंगठा हलवायला नाही."

ती हसली नाही. "कशासाठी, बाबा?"

"त्या खोलीत परत जायचं नव्हतं मला. नळ्या, दिवे, हात बांधलेले." त्यांनी उशी छातीशी ओढली. "आणि बासष्ट म्हटलं की तुझा चेहरा जरा सैल व्हायचा."

तिने फोन लावला. बाबा परत त्याच खोलीत गेले. सुया टोचल्या गेल्या, अंगातलं पाणी उतरलं. अजून दोन दिवस उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर तिला म्हणाले. तिने मान हलवली आणि नवीन गोळ्यांची यादी मागितली.

चार दिवसांनी ती दोघं घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन आली, तर बाबा काट्यावर नव्हते. भिंतीला हात लावून ते बाजूला उभे होते.

"आधी रिकामा बघ," ते म्हणाले.

ती वाकली. काटा शून्यावर होता. मग बाबा एक एक पाय उचलून वर चढले.

"किती आहे?"

तिला आकडा दिसेना. तिने बाहीने डोळे पुसले, ते पुन्हा भरले.

"किती गं?"

"थांबा बाबा, दिसत नाहीये मला," ती कशीबशी म्हणाली.

बाबा काट्यावर न हलता उभे राहिले.