आवाज येण्याआधीची उपकारस्तुती

बाबांचा आवाज गेला तो गळ्याच्या ऑपरेशननंतर. गाठ साधी निघाली, जीव वाचला. पण शुद्धीवर आल्यावर त्यांच्या तोंडून नुसती हवा बाहेर आली. बारामतीचे डॉक्टर म्हणाले, नस दुखावली आहे, आवाज येईलही किंवा येणारही नाही, वाट बघा. वाट बघणं माझ्या स्वभावातच नाही. मी तिथल्याच एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला आहे. पिशव्या भरणारं मशीन जरा अडलं तरी मी त्याच्याभोवती येरझाऱ्या घालते.

आमचं गाव इंदापूरकडचं. तिथं चर्चच्या मंडळीत कुठलंही भजन असो, पहिला सूर बाबांचा. जेवणाआधीची प्रार्थना तर ते इतकी लांबवायचे की कालवण गार होऊन जायचं. क्रम कायम तोच. आधी अन्नाबद्दल आभार, मग पाऊसपाणी, मग शेजारचे आबा आणि त्यांची गुरं, मग आजारी माणसं, शेवटी प्रवासातली, आणि आमेन. लहानपणी ती मला पाठ होती. बाबा प्रवाशांवर आले की मी डोळे मिटूनच भाकरीला हात घालायची.

ऑपरेशननंतर मीही रोज प्रार्थना करत होते, पण भांडल्यासारखी. मशीनपाशी, स्कूटीवर, अंथरुणात कूस बदलताना, सारखं एकच मागणं. व्हॉट्सअॅपवर निदान दोन निळ्या खुणा तरी दिसतात. इथं पोचलं की नाही, तेही कळायला मार्ग नव्हता. मग आईला फोन करायचा आणि देवाची गाऱ्हाणी तिला सांगायची. तिचा फोन कायम स्पीकरवर. बाबा शेजारी बसून ऐकत असणार, हे माझ्या ध्यानातही यायचं नाही.

एक दिवस तिचाच फोन आला. "रविवारी घरी उपकारस्तुती ठेवलीया. लवकर ये. भाकऱ्या थापायला माणूस न्हाय."

"बाबांचा आवाज आला?" मी ओरडलेच.

"न्हाय अजून."

आमच्यात उपकारस्तुती ठेवतात ती देवानं मागणं ऐकल्यावर. नोकरी लागली, बाळंतीण सुखरूप सुटली, की मंडळीला घरी बोलवायचं, देवाचे आभार मानायचे आणि जेवू घालायचं. इथं सगळा बाजारात तुरीचा प्रकार. मी तसं बोलूनही दाखवलं. तिनं फोन ठेवून दिला.

रविवारी गेले तर अंगणात सतरंज्या पडलेल्या, रश्श्याचा वास सुटलेला. बाबा नवा सदरा घालून बसले होते. मी तडक स्वयंपाकघरात शिरले. "बाबांचं हसं करतीस तू. उद्या आवाज न्हायच आला, तर मंडळीला काय सांगणार?"

आई पीठ मळत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "तुला वाटतंय मला लय भरवसा हाय. न्हाय गं. एकटीनं मागून मागून आता धीर हुईना झालाय. मागायला बोलावलं असतं तर माणसं कीव करत आली असती. आभाराला हसत येत्यात."

माझा राग कुठं ठेवावा, ते मला कळेना. मी दुसरी परात ओढली आणि भाकरी थापायला बसले.

खरा घोळ पुढंच होता. आमच्या चर्चचे पाळकसाहेब बाहेरगावचे, नवे. आईनं त्यांना फोनवर उपकारस्तुती एवढंच सांगितलेलं, त्यामुळं आवाज आला असं ते धरूनच चालले होते. गाणं झाल्यावर ते रीतीप्रमाणं बाबांकडे बघून हसून म्हणाले, "तात्या, ज्याच्यासाठी देवानं केलं, त्यानंच साक्ष द्यायची. उठा. आज तुमचाच आवाज ऐकायचाय."

आबांनी मान खाली घातली. मला पाळकसाहेबांचा राग आला, आईचा आला, आणि देवाचा तर विचारूच नका. पण बाबा उठले. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि त्यांचे ओठ हलायला लागले. इथं चमत्कार होईल असं वाटत असेल, तर तो झाला नाही. आजही झालेला नाही. मागं कुणीतरी खोकलं.

मला ते बघवेना. मी उठून त्यांच्याजवळ गेले आणि त्यांच्या तोंडाशी कान नेला. नुसता श्वास होता, पण त्यात शब्द होते. मी ते मोठ्यानं म्हणायला लागले. अन्न, पाऊसपाणी, आबा आणि त्यांची गुरं, आजारी माणसं, प्रवासातली. पाठच होतं; एकदोनदा तर मीच पुढं गेले. आता आमेन, म्हणून मी तोंड उघडलं, पण बाबा थांबले नाहीत. आता ते आवाज मागणार, असं मला वाटलं.

"माझी लेक," बाबा म्हणत होते, "तिकडं बारामतीत एकटी तळमळती. माझ्यापायी तुझ्याशी भांडती. तिच्यावर रागावू नगंस. तिला झोप दे."

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. हे मोठ्यानं म्हणायचं होतं, आणि माझ्या गळ्यातून काही निघेना. बाबांचे ओठ थांबले. प्रार्थना संपली की राहिली, अंगणात कुणालाच कळत नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, दोन्ही हात पिठाचे. तिथपर्यंत बाबांचा एक शब्दही पोचला नव्हता. तिनं डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हणाली, "आमेन."