गहाळ भागांचे डॉक्टर

पाणीपुरवठ्याच्या मीटर विभागातून निवृत्त झाल्यावर दादाला कळलं, की आपल्यात एक कॉम्प्युटर-तज्ज्ञ दडलेला आहे. हे इतर कुणाला कळलं नव्हतं, म्हणून त्यानेच सगळ्यांना सांगितलं. नात्यागोत्यात कुणाचा कॉम्प्युटर नुसता हळू चालतोय असं कानावर आलं, तरी त्याचे हात शिवशिवायचे. पुतण्याचे फोटो त्याने असे काही नीट लावून दिले, की ते आजतागायत सापडलेले नाहीत. तेव्हापासून घरात त्याला डॉक्टर म्हणत. त्यातली खोच त्याच्यापर्यंत कधी पोचली नाही.

धाकट्या बहिणीचं भरतकामाचं दुकान होतं. कॉम्प्युटरवर चित्र आखायचं, ते मशीनला पाठवायचं आणि मशीनने ते कापडावर भरायचं. सोमवारी सकाळी तिने चित्रं आखायचा प्रोग्रॅम उघडला, तर पडद्यावर चौकट आली: एक डीएलएल फाइल सापडत नाही, प्रोग्रॅम पुन्हा इन्स्टॉल करून पाहा. शाळेच्या खेळशिक्षिकेला संध्याकाळपर्यंत बिल्ले भरलेल्या जर्सी हव्या होत्या. बहिणीच्या तोंडचं पाणी पळालं. दादाला फोन लागला, आणि त्याचा चेहरा उजळला.

तो आला, खुर्चीत बसला आणि चौकट न वाचताच बंद केली. असले संदेश सामान्य माणसांसाठी असतात, असं त्याचं मत होतं. बहिणीला त्याने समजावलं, की डीएलएल म्हणजे दुकानातली सामाईक कात्री; चार प्रोग्रॅम एकच वापरतात. हे मात्र त्याने बरोबर सांगितलं. मग ही कात्री आणायला तो इंटरनेटवरच्या एका अनोळखी साइटवर गेला. तिथे हिरवीगार बटणं होती. त्याने मनापासून सगळी दाबली.

मिळालेली फाइल त्याने विंडोजच्या पोटात नेऊन ठेवली. आता चौकटीत दुसऱ्या फाइलचं नाव आलं. तीही आणली, तर तिसऱ्या फाइलचं. तिच्यानंतर नाव येणंच थांबलं. नुसता एक लांबलचक आकडा आला. दादा म्हणाला, प्रगती आहे. तोवर पडद्याच्या कोपऱ्यात पोट कमी करण्याच्या जाहिराती नाचू लागल्या होत्या. त्याचा दोष त्याने विजेच्या दाबाला दिला. मग विंडोजला, मग प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना. दुपारपर्यंत दोष द्यायला त्या खोलीत फक्त भरतकामाचं मशीन उरलं होतं.

बहीण इतका वेळ जर्सी इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी ठेवली आणि शांतपणे विचारलं, “दादा, काल तू कॉम्प्युटरची साफसफाई करतो म्हणालास. नक्की काय साफ केलंस?”

दादाची छाती फुगली. कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅमच्या यादीत एकच नाव, वेगवेगळी सालं लावून, पाच-सहा वेळा आलेलं होतं. नुसती अडगळ. त्याने सगळी काढून टाकली होती.

“सरक,” ती म्हणाली.

तिने त्याने आणलेल्या फाइली शोधून उडवल्या आणि अँटिव्हायरस फिरवला. जाहिराती गप्प झाल्यावर प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून तो नव्याने घेतला. इन्स्टॉल होताना पडद्यावर आलं, की आधी लागणारे भाग बसवत आहे. खाली त्यांची नावं सरकू लागली, सालासकट. दादाने ती ओळखली. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. नावं तीच होती. कानाची पाळी गरम झाल्याचं त्याला जाणवलं आणि आपण इथे नसतो तर बरं, असं खूप वर्षांनी वाटलं. प्रोग्रॅम मुकाट सुरू झाला.

संध्याकाळी शिक्षिका आली तेव्हा शेवटचे बिल्ले मशीनवर होते. तिने उशिराचं कारण विचारलं. दादाने घाईघाईने सांगितलं, “किरकोळ होतं. काही भाग गहाळ झाले होते.”

“झाले नव्हते,” बहीण म्हणाली. “केले होते.”

शिक्षिकेला काही कळलं नाही, आणि दादाने सांगायची घाई केली नाही. हातांना काहीतरी हवं म्हणून तो कात्रीने बिल्ल्यांच्या मागचे सुटे धागे कापू लागला. एक नको तो धागा कापला गेला नाही, एक टाका उसवला नाही. बहिणीने दोन-तीन बिल्ले उलटून पाहिले आणि उरलेल्या जर्सींचा गठ्ठा त्याच्यापुढे सरकवला.

त्या कॉम्प्युटरला आता पासवर्ड आहे. दादा अधूनमधून तो सहज विचारतो. बहीण तितक्याच सहज त्याच्या हातात कात्री देते, आणि तो कापायला बसतो. काम झकास करतो. फक्त, हे कुणाला सांगू नकोस म्हणतो. लोकांना वाटेल, डॉक्टरने प्रॅक्टिस सोडली.