वाघोलीतून येणारी घोषणा

मंडळी, आज दुपारी सुरू झालेलं अजून मिटलेलं नाही, म्हणून लिहितेय.

मी एका रुग्णालयाचं नेटवर्क सांभाळते. मुख्य इमारत कर्वेनगरला, शाखा वाघोलीला. दुपारी पेशंटचे रिपोर्ट बाहेर जायला फार वेळ लागू लागला. बघते तर वाघोलीच्या भागातला एक अनोळखी राउटर सांगत होता, ‘बाहेरचा रस्ता माझ्याकडे आहे.’ अशी घोषणा नेटवर्कच्या एका भागातून दुसऱ्या भागात जशीच्या तशी पोहोचते. आमच्या सगळ्या राउटरांनी ती खरी मानली होती आणि बाहेर जाणारं सगळं ते त्याच्याकडे पाठवत होते.

वाघोलीचं नेटवर्क बघणाऱ्या जाधवांनी तो शोधून बंद केला. दहा मिनिटांत तीच घोषणा पुन्हा आली, त्याच आयडीने, म्हणजे राउटरच्या त्याच ओळख क्रमांकाने.

“जाधव, परत चालू केलात का?”

“नाही हो मॅडम. तो माझ्या हातात आहे. वायरसुद्धा काढलीय.”

म्हणजे त्याच आयडीने दुसरं कोणीतरी बोलत होतं. कर्वेनगरहून मला फक्त आयडी दिसतो. वाघोलीच्या सीमेवरचा राउटर एवढंच सांगतो, ‘त्याच्याकडे जायचं तर माझ्यातून जा.’ आत तो कुठे बसलाय, ते इथून दिसत नाही.

आमचे विभागप्रमुख कांबळे सर म्हणाले, “वाघोली तोडा.”

मी वाघोलीची जोडणी तोडली. तो रस्ता बंद झाला. तिकडे आता सगळं कागदावर चाललंय. जाधव खोलीमागून खोली बघतायत, अजून काही सापडलेलं नाही. दुपारभर कोणाकोणाचे रिपोर्ट त्या वाटेने गेले आणि कोणी वाचले, मला माहीत नाही.

तुमच्या ऑफिसच्या नेटवर्कवर असं कोणी दुसऱ्याच्या आयडीने बोलत असेल, तर तुम्हाला कळेल का?