आऱ्याखालचा माणूस

गडचिरोलीच्या जंगलातल्या एका गावात साग कापायची जुनी आरा गिरणी आता फक्त बघायला उरली आहे. हातात नकाशा घ्यायचा आणि पाट्या वाचत एकटीनं हिंडायचं. कुणाशी बोलावं लागत नाही, म्हणूनच मी गेले होते.

पाचव्या पाटीपाशी दगडांनी बांधलेला, पुरुषभर खोल खड्डा होता. माझी शाळा इंग्रजीतली, लाकडी पाटीवरचं मराठी मी अडखळत वाचलं, 'पाण्याची टाकी'.

"टाकी? मंग मी काय मासोळी होतो?" काठावर बसलेला म्हातारा म्हणाला.

गिरणीच्या मशीनला न पेलणारे ओंडके या खड्ड्यावर आडवे ठेवत. एक जण वर उभा, एक खाली, मधे दोघांनी ओढायचा लांब आरा. हा खालचा. सांगताना त्यानं दोन्ही हात वर नेऊन ओढल्यासारखे केले आणि डोळे घट्ट मिटले. वरून पडणारा भुसा तो अजून चुकवत होता.

"वरच्याले कापाची रेघ दिसे. मले काईच नाई. त्याच्या हातावरून समजाचं."

मी मान डोलावून निघाले.

"चालली काऊन, बाई? तुले लिवता येते नं? मले नाई येत. उद्या मी मेलो का हे टाकीच राह्यते."

सरकारी पाटीवर लिहिणाऱ्यातली मी नव्हे. तरी पेन काढलं. 'पाण्याची टाकी' खोडलं आणि खाली दाबून लिहिलं, 'इथे खाली उभं राहून माणसं लाकूड कापत होती.'

"वाचून दाखव," तो म्हणाला.

मागे एक कुटुंब येऊन थांबलं होतं. मी मोठ्यानं वाचलं.