गळका पोहरा

पालिकेच्या दवाखान्यातलं वाफेचं मशीन शहराच्या दुसऱ्या वॉर्डात हलवणार, हे कानावर आलं तेव्हा ती नवऱ्याच्या शर्टाला काजं करत होती. कात्री सरकली, गळ्याचं काज वाकडं गेलं. गल्ली तिला काजवालीच म्हणायची. तिच्या हातचं वाकडं काज कधी कुणी पाहिलं नव्हतं. पण सिमेंटच्या गोदामात जन्म गेलेल्या नवऱ्याला अधूनमधून त्या मशीनशिवाय श्वास पुरत नसे.

दवाखान्याच्या फळ्यावर लिहिलं होतं: ‘या वॉर्डात दम्याचे रुग्ण कमी. आधार – आरोग्य सर्वेक्षण. हरकती उद्याच्या सभेत.’

“कमी म्हणे!” पुटपुटत तिनं थेट वाचनालय गाठलं. तिथले संगणक धाकटी नणंद सांभाळायची.

“वहिनी, माउस आहे तो, इस्त्री नव्हे. हळू.”

“तुमच्या घराण्यात जोर लावल्याशिवाय काही हललंय का कधी?”

तिनं ‘दमा’ एवढंच टाइप केलं, तर नुसती काढे आणि गोळ्या विकणारी मंडळी हजर. “आजाराचं नाव टाकलं की दुकानंच येणार,” नणंद म्हणाली. “शहराचं नाव टाका, पुढे आरोग्य सर्वेक्षण, मग वॉर्ड.”

नकाशा उघडला. आजूबाजूचे वॉर्ड लालभडक, त्यांचा हिरवागार.

“घ्या. सगळ्यांत ठणठणीत आपणच.”

“जा, दाखव तुझ्या दादाला.”

नणंदेचा आवाज उतरला. “मलाही दिसतं हो घरात. पण सर्वेक्षणाची एवढी माणसं दारोदार फिरली. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?”

काजवाली हिरव्या तुकड्याकडे बघत राहिली. कापड आलं की आधी उलटं करून बघायचं, ही तिची सवय. “याची उलटी बाजू कुठे असते गं?”

नणंद हसणार होती. मग थांबली, पान खाली सरकवत गेली. अगदी तळाला बारीक अक्षरात ‘प्रश्नावली’. त्यात प्रश्न होता: ‘तुम्हाला दमा असल्याचे डॉक्टरांनी कधी सांगितले आहे का?’

काजवालीनं तो दोनदा वाचला.

गल्लीत दमा कुणालाच नव्हता. कुणाची छाती भरायची, कुणाला धाप लागायची, कुणाला हवा मानवत नसे. दमा म्हटलं की गोदामवाले घरी बसवायचे. म्हणून डॉक्टरसुद्धा तो शब्द तोंडातल्या तोंडात ठेवायचे.

“आडात आहे गं,” काजवाली म्हणाली. “पोहराच गळका.”

घरी आल्यावर तिनं तोच प्रश्न शब्दाला शब्द नवऱ्याला विचारला.

“छातीचा... त्रास आहे,” तो म्हणाला. “दमा... नाही.”

“अहो, उद्या सभेत दमा म्हणा. एकदाच. तुमच्यामागून गल्ली म्हणेल.”

“गोदामाचा मुकादम... असतो सभेला.”

“आणि मशीन गेल्यावर मुकादम येणार आहे का पाठ चोळायला?”

“तूच... सांग ना.”

“माझी छाती धडधाकट आहे. मला कोण मोजेल?”

त्यानं शर्ट उचलला, वाकड्या काजावर अंगठा फिरवला. “हे... असं कसं झालं?”

“हाच घालून या. गळ्याचं बटण नाहीतरी तुम्हाला सोसत नाही.”

त्यानं हो म्हटलं नाही. नाही म्हणायला दम पुरला नाही. शर्ट मात्र त्यानं कपाटात न ठेवता दाराजवळच्या खुर्चीवर टाकला.