पाळणाघराच्या खिडकीतला प्रयोग

कॉलेजच्या मुलाखतीत मॅडमनी विचारलं, "शिकून काय करणार?" माझ्या आधी गेलेल्या बायकांनी नोकरी करणार म्हणून सांगितलं होतं. मीही तेच ठरवून गेले होते, पण तोंडातून निघालं भलतंच. "आमच्या गावामागे कातळाचा सडा आहे. भाद्रपदात तिथे जांभळी फुलं येतात, सीतेची आसवं. ती किडे खातात असं शाळेत ऐकलं होतं. कशी खातात ते बघायचंय."

मॅडम हसल्या नाहीत. कागदावर काहीतरी लिहून घेतलं. आठवडाभराने निरोप आला, की रत्नागिरीच्या त्या कॉलेजने आई झालेल्या गरजू बायकांसाठी काढलेल्या योजनेत माझं नाव लागलंय. फी माफ, एसटीचा पास, आणि मुलाला ठेवायला कॉलेजातच पाळणाघर. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. नवरा मुंबईत, सासूबाई शेतावर. पाळणाघर नसतं तर मी बारावीवरच थांबले असते.

ते पाळणाघर वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेला लागून होतं, दोन्हींचा व्हरांडा एकच. मुलांना सांभाळायला पूर्णगडच्या एक मावशी होत्या. मासे विकून घर चालवलेल्या, सातवी शिकलेल्या. सुरुवातीला मला वाटायचं, माझी मुलगी रडत असेल. प्रयोगशाळेत तासाला बसून मी सारखी खिडकीकडे बघायची. एकदा बघितलं तर खिडकीत मावशीच उभ्या, कडेवर माझी मुलगी झोपलेली, आणि त्यांचं सगळं लक्ष फळ्याकडे.

त्या दिवशी मुलीला घ्यायला गेले तर म्हणाल्या, "सर काय ते पेशी पेशी म्हणत होते गो? अर्धं ऐकलं न् ही तुमची बारकी उठली." मग रोजचंच झालं. मी दारात पोचले की, "काय शिकवलानी आज?" त्यांना सांगता यावं म्हणून मी तासाला नीट ऐकायला लागले. त्या अशा ठिकाणी अडवायच्या, की आपल्याला कळलंच नव्हतं हे तिथे कळायचं.

दुसऱ्या वर्षी सड्यावर सहल ठरली. सहलीला मार्क होते, पण रविवार, पाळणाघर बंद. वर्गात मुलं असलेल्या आम्ही तिघी होतो. मुलं आणायची नाहीत असा नियम. मॅडमनी प्राचार्यांना अर्ज केला, तरी उत्तर येईना. शेवटी मावशीच प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेल्या आणि म्हणाल्या, "मी जाते बरोबर. मुलं माझी जबाबदारी." परवानगी मिळाली. मला मात्र शंका आली, की मावशींना मुलांपेक्षा सहलीतच जास्त रस आहे.

सड्यावर सगळीकडे जांभळी फुलं. सरांनी एक रोप चिखलासकट अलगद उचललं आणि भिंगाखाली धरलं. मुळांसारख्या तंतूंवर मोहरीहून बारीक फुगे. पाण्यातला किडा जवळ आला की फुगा त्याला आत ओढून घेतो. मी इतका वेळ बघत राहिले की मागच्या मुली कुरकुरायला लागल्या.

मग मावशींनी भिंग मागितलं. बघून झाल्यावर म्हणाल्या, "सर, आमच्या पूर्णगडाला वर सड्यावर ही फुलं आहेत. खाली खाडीकाठी कातळ तोच, पाणीपण साचतं. तिथे एक नाही. का?"

"खाऱ्या पाण्यामुळे असेल," सर म्हणाले.

"असेल, की आहे?"

सर हसून माझ्याकडे वळले, "करून बघा ना. हाच तुमचा प्रकल्प."

दह्याच्या रिकाम्या डब्यांत आम्ही सड्यावरच्या मातीसकट रोपं लावली आणि पाळणाघराच्या खिडकीत ओळीने ठेवली. एका डब्याला खाडीचं पाणी, एकाला अर्धं खाडीचं अर्धं पावसाचं, एकाला नुसतं पावसाचं, एकाला नळाचं. पूर्णगडहून बाटलीत पाणी मावशी आणायच्या. मुलांचे हात पोचू नयेत म्हणून पुढे स्टूल आडवं लावलेलं.

खाडीच्या पाण्यातली रोपं दोन दिवसांत गेली, अर्ध्यातली त्यानंतर. पावसाच्या पाण्यातली टिकली. मी खूश होऊन वही मिटणार, तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "नळाकडे बघ." नळाच्या पाण्यातली पिवळी पडत होती. आठवड्यात तीही गेली.

"म्हणजे नुसत्या मिठाचं नाय हे," मावशी म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. मी मात्र वहीत लिहिलं, प्रकल्प फसला. सरांनी वही वाचली आणि म्हणाले, "फसला नाही. आता कुठे सुरू झालाय." नळाच्या पाण्यात विरघळलेले क्षार या झाडांना सोसत नसावेत, इथपर्यंत मी पोचले. पुढचं अजून शोधते आहे.

आमच्या तिघींतली एक मधेच सोडून गेली, नवऱ्याने मुंबईला नेलं. दुसरी दवाखान्यात लॅबला आहे. मी एमएस्सी करून तासिका तत्त्वावर शिकवते. मावशींनी बावन्नाव्या वर्षी दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. गणित राहिलं, बाकी सुटलं. गणिताला पुन्हा बसणार आहेत.

परवा त्यांचा फोन आला. "विज्ञानात लिहिलंय, डोळ्यात चित्र उलटं पडतं. मग मला सगळं सुलटं कसं दिसतं गो?"

मी म्हटलं, "मावशी, थांबा, बघून सांगते."