निळ्या खुणेची गोळी

सकाळी पाच वाजून बावन्न मिनिटांनी नुमाकुरा तात्सुजी बिटाच्या शेतात पोटावर पडून होता. रायफलची नळी काढून ठेवलेल्या बिटांच्या ढिगावर टेकलेली, डोक्यावर नारिंगी टोपी, बोटं गार पडलेली. ऑक्टोबर सरत आला होता. सूर्य नुकताच वर आला होता. त्याआधी बंदूक भरणंसुद्धा कायद्यात बसत नाही, आणि तात्सुजी कायदा पाळणारा माणूस होता. आठवडाभर तो गोठ्यागोठ्यांतून गाईंचे खूर तासायचा आणि सुट्टीच्या दिवशी, नगरपालिकेच्या सांगण्यावरून, शेतात शिरणारी हरणं मारायचा. आजही हरणांसाठीच आला होता.

आलं ते अस्वल.

सासाच्या रानातून ते बाहेर पडलं. हा सासा म्हणजे खुरटा बांबू. कुठं कमरेएवढा, कुठं माणूस गडप करणारा. अस्वल शेताच्या त्या कडेला ढुंगण टेकून बसलं आणि पोर मुळा उपटतं तसं एक बीट उपटून खायला लागलं. आठवडाभर ज्याची वाट पाहिली जात होती तेच हे. कामि-तोन्नाई गावाच्या अस्वल पथकात पाच माणसं, त्यांत तात्सुजी एक. परवानगीचा प्रश्न नव्हता. अंतर दीडशे पावलांच्या आसपास. अस्वलासाठीची जड गोळ्यांची काडतुसं छातीवरच्या बटण लावलेल्या खिशात. ती भरायची म्हणजे रायफलचा बोल्ट, मागचा सरकता दांडा, उघडायचा, आवाज करायचा. तात्सुजीनं श्वास सोडला, खांद्यामागे चार बोटं नेम धरला आणि चाप ओढला.

डोळ्यांनी अस्वल पाहिलं होतं, हात मात्र हरणाचाच राहिला होता.

अस्वल वळलं, माशी चावल्यासारखं स्वतःच्याच बरगडीला एकदा चावलं आणि सासात घुसलं. पानं हलली. मग हलायची थांबली.

तात्सुजीनं बोल्ट मागे घेतला. रिकामी पुंगळी बिटाच्या पानांत पडली. त्यानं ती उचलली, बूड पाहिलं. बुडावर निळ्या पेनाचा ठिपका होता. तो त्यानंच केलेला होता, आणि त्याचा अर्थ जगात फक्त त्यालाच माहीत होता.

तांब्याच्या गोळीचं एक गणित आहे. तिच्या नाकाला पोकळी असते. वेगात असताना ती मांसात शिरली की नाक उमलतं, चार पाकळ्या बाहेर येतात आणि जनावर तिथंच बसतं. वेग कमी पडला तर नाक मिटलेलंच राहतं आणि गोळी दाभणासारखी आरपार जाते. शिशाचं तसं नव्हतं. शिसं कसंही लागलं तरी फुटायचं, आत चुरा करायचं. तो चुरा हरणांच्या आतड्यांत राहायचा, ती आतडी गरुड खायचे आणि बर्फावर मान टाकून मरायचे. म्हणून उत्तरेकडच्या या बेटावर शिसं बंद झालं. शिशाची गोळी आता नुसती खिशात सापडली तरी गुन्हा.

तात्सुजी काडतुसं घरीच भरायचा. जवळून मारलेल्या हरणाचा खांदा तांब्याची गोळी पार काळानिळा करते, आणि मांसाच्या कारखान्यात असा खांदा घेत नाहीत. म्हणून गेल्या उन्हाळ्यात त्यानं काही काडतुसांत दारू कमी भरली. चाळीस पावलांवरून मानेत मारायला. हरणं पडली, मांस स्वच्छ निघालं, कारखान्यातल्या माणसानं कौतुक केलं. त्या काडतुसांना त्यानं निळा ठिपका दिला. दीडशे पावलांवरून, चरबीच्या थरातून, अस्वलावर ती मारायचा विचार त्यानं कधी केला नव्हता. आज तो विचार न करताच त्यानं मारली होती.

शेताच्या कडेला एक छोटा ट्रक येऊन थांबला. काच खाली झाली. शेताची मालकीण माएगावा कियोए, सत्तरीची, डोक्याला फडकं.

"बार ऐकला. हरीण?"

"अस्वल."

"अगंबाई! पडलं?"

"लागलंय."

"लागलंय आणि पडलंय यांत फरक असतो ना, तात्सु-सान?"

तात्सुजीनं पुंगळी खिशात टाकली. तिनं सासाकडे पाहिलं आणि गाडीचं दार आतून लावून घेतलं.

"उद्या आमचं उरलेलं बीट काढायचंय," ती म्हणाली. "यंत्राच्या मागे फळीवर मीच उभी असते, दगड वेचायला. मुलगा ट्रॅक्टरवर. त्याला पाठीमागचं काही ऐकू येत नाही, इंजिनचा आवाज इतका. सांगून ठेवते."

"आज संपवतो."

"संपवा. नाहीतर उद्या ते मला संपवेल, आणि मुलगा शेताच्या टोकाला पोचल्यावर म्हणेल, आई, आज दगड फार आले."

ती हसली. तात्सुजीला हसता आलं नाही. त्यानं ओबाताला फोन लावला.

ओबाता हिदेमित्सु यायच्या आत गावाचा भोंगा वाजला. खांबावरच्या कर्ण्यातून नगरपालिकेतल्या मुलीचा आवाज शेतांवरून पसरत गेला: कामि-तोन्नाईत जखमी अस्वल आहे, नागरिकांनी घराबाहेर पडू नये. तात्सुजी ढिगाजवळ उभा राहून ते ऐकत होता. जखमी कोणी केलं ते मुलगी सांगत नव्हती. तरीही प्रत्येक वाक्याला त्याची मान खाली जात होती.

ओबाता चौऱ्याहत्तर वर्षांचा, पथकातला सगळ्यात जुना. तो उतरला तो थर्मास आणि भाताचे गोळे घेऊनच.

"कुठली गोळी?" त्यानं पहिलंच विचारलं.

"तांब्याची."

"ते माहीत आहे रे. शिशाची म्हणाला असतास तर मी इथूनच पोलिसांना फोन केला असता. हलकी की जड?"

"हलकी. हरणाची."

"कुठं?"

"खांद्यामागे."

ओबातानं मान डोलावली. "मग काय, फुप्फुसात. पडलं असेल ओढ्याच्या अलीकडेच. तांबं खोल जातं. मी आधी शिव्या द्यायचो तांब्याला. हरणातून सुईसारखं निघून जायचं, रक्ताचा थेंब नाही. अर्धा दिवस शोधायचं आणि मिळायचं ते कोल्ह्यानं खाल्लेलं. पण अस्वलाला बरं. हाड मोडून पुढं जातं." त्यानं रायफलचा पट्टा खांद्यावर चढवला. "चल, गरम आहे तोवर बघू."

रायफल खांद्यावर. नळी आकाशाकडे, दोन्ही हात मोकळे. मेलेल्या जनावराकडे माणूस असा चालत जातो.

तात्सुजीच्या खिशात पुंगळी होती. त्याला तोमिओका आठवला. सगळ्यांनाच आठवायचा. ओबाताचा शिकारीतला जोडीदार, बारा वर्षांपूर्वी या सासामागच्या टेकडीपलीकडे मेला. दुसऱ्या कोणीतरी गोळी घातलेलं अस्वल होतं. गोळी घालणारा म्हणाला होता, बरोबर लागलंय, पडलं असेल. तोमिओका बंदूक खांद्याला अडकवून आत गेला. त्याला बाहेर आणला तो ओबातानं, एकट्यानं, पाठीवर. त्या दुसऱ्याचं नाव गावात आता कोणी घेत नाही. त्यानं घर विकलं आणि गाव सोडलं.

सासाची कड दहा पावलांवर आली. तात्सुजीचे पाय थांबले.

"ओबाता-सान."

"हं."

"दारू कमी होती."

ओबाता वळला. तात्सुजीनं पुंगळी काढून त्याच्या हातावर ठेवली. निळा ठिपका वर.

"मानेसाठी भरलेली. जवळून मारायची. दीडशे पावलांवर ती उमलली असेल असं मला वाटत नाही. नाही उमललेली. मला माहीत आहे."

ओबातानं पुंगळी बोटांत फिरवली. मग सासाकडे पाठ न करता, एकेक पाऊल मागे घेत तो ढिगापर्यंत आला आणि बंदूक खांद्यावरून उतरवून मांडीवर घेतली. पुंगळी त्यानं परत दिली.

"गाईचा खूर नखभर जास्त तासला तर गाय महिनाभर लंगडते," ओबाता म्हणाला, "हे गोठ्यागोठ्यांत सांगत हिंडणारा माणूस तू."

"हो."

"आणि मला सांगायला दहा पावलं उरेपर्यंत थांबलास."

"हो."

"बस. खा." त्यानं भाताचा गोळा पुढं केला. "आता घाई नाही. ते कुठंतरी आडवं होईल, अंग आखडेल. आखडू दे. न उमललेल्या गोळीचं अस्वल उभं असतं, लेका. रागावलेलं असतं आणि उभं असतं."

तात्सुजीनं भाताचा एक घास घेतला. आत खारवलेलं लहानसं आंबट आलुबुखार होतं. ते त्यानं चोखत ठेवलं आणि बी तोंडातच राहू दिलं. बसल्या बसल्या त्यानं निळी काडतुसं काढून टाकली, छातीच्या खिशातली जड भरली, एकेकाचं बूड पुन्हा पुन्हा पाहत. सासा वाऱ्यानं सळसळायचा आणि दर सळसळीला दोघांची नजर एकाच वेळी तिकडे जायची. कियोए ट्रकमध्येच बसून होती. तिनं एकदा हॉर्न दिला तेव्हा तात्सुजी उडालाच. तिला फक्त विचारायचं होतं, चहा हवा का.

ऊन पानांच्या टोकांवरून खाली उतरलं तेव्हा ते आत शिरले.

ज्याची गोळी त्याचे पाय पुढे, ही इथली रीत आहे. तात्सुजी पुढे, नजर जमिनीवर. ओबाता डावीकडे मागे, नजर सगळीकडे. बोलायचं नाही. पहिल्या वीस पावलांत रक्तच नव्हतं. मग एका पानावर, मांडीच्या उंचीला, पुसल्यासारखा तांबडा डाग. चरबीनं भोक बुजवलं असणार. पुढे एका जागी सासा चेपलेला. तिथं ते पडलं होतं आणि तळहाताएवढं काळसर रक्त सोडून पुन्हा उठलं होतं. उठलं होतं. तात्सुजीला स्वतःच्या जाकिटाचं घासणं ऐकू येत होतं, बी दातांवर आपटलेली ऐकू येत होती. बी त्यानं गिळून टाकली. ओबाता मागे आहे हे त्याला माहीत होतं. तरी मागे वळून बघावंसं दर पावलाला वाटत होतं, आणि वळलं तर पुढचं दिसणार नाही.

ओढ्याच्या चिखलात पावलं उमटली होती. स्पष्ट, पुढं जाणारी. तात्सुजीनं पाय उचलला.

"थांब." ओबाताचा आवाज श्वासाएवढाच होता. "टाचा बघ."

तात्सुजीनं पाहिलं. प्रत्येक पावलाची टाच दुहेरी होती. अस्वल ओढ्यापर्यंत आलं होतं आणि स्वतःच्याच पावलांवर पावलं ठेवत मागे गेलं होतं. मग बाजूला उडी. माग काढणाऱ्याच्या मागे जाऊन बसायची ही त्याची जुनी युक्ती.

म्हणजे ते पुढे नव्हतं. ते दोघे त्याच्या शेजारून चालत आले होते.

वारा पडला. कुठं एक पक्षी बोलत होता तोही गप्प झाला. मग ओल्या कुत्र्यासारखा, वर काहीतरी गोडसर कुजल्यासारखा वास आला, उजवीकडून. उजवीकडच्या चढावर सासाची टोकं हलली, वारा नसताना, एका सरळ रेषेत, त्यांच्याकडे.

गुरगुराट नव्हताच. कान मागे पाडून, डोकं जमिनीलगत ठेवून ते आलं. रायफलवरच्या दुर्बिणीत फक्त काळे केस दिसले. तात्सुजीनं दुर्बीण सोडून नळीवरूनच त्या काळ्याच्या मधोमध पाहिलं आणि बार काढला. मागोमाग कानाजवळ ओबाताचा बार झाला. अस्वल तोंडावर पडलं, घसरत आलं आणि तात्सुजीच्या बुटापासून हातभर अंतरावर थांबलं. त्याच्या एका पंजाची नखं मातीत दोनदा रुतली. मग नाही.

मग ओबाता चिखलात बसला.

"पडलात का, ओबाता-सान?"

"बसलोय. माणूस बसू शकतो."

पण त्याला उठवायला तात्सुजीला हात द्यावा लागला.

दुपारी शेताच्या कडेला अस्वल सोललं तेव्हा ओबातानं सगळ्या गोळ्या शोधून काढल्या. जड गोळी छातीतून शिरून मांडीपर्यंत गेली होती, चारही पाकळ्या उघडलेल्या. त्याची स्वतःची मणक्यात. सकाळची हलकी गोळी दोन बरगड्यांमधून गेली होती, फुप्फुसाची कड चाटून पलीकडच्या कातड्याखाली थांबली होती. नाक मिटलेलं, दुकानातून आणल्यासारखं. तशीच्या तशी पुन्हा भरता आली असती.

"चार-पाच दिवस जगलं असतं," ओबाता म्हणाला. त्यानं गोळी तात्सुजीच्या हातात दिली. "संध्याकाळी पथकाला कोण सांगणार?"

"मीच."

"ते तुला पथकातून काढतील."

"काढू देत."

"मी विरोधात बोलेन," ओबाता म्हणाला, "पण मोठ्यानं नाही."

तात्सुजीनं उरलेली निळी काडतुसं त्याच्याकडे दिली. ओबातानं ती न मोजता भाताच्या रिकाम्या डब्यात टाकली आणि झाकण लावलं.

कियोए ट्रकमधून उतरून आली. तिनं अस्वलाकडे पाहिलं, मग सासाकडे, मग तात्सुजीकडे.

"हे एकच होतं ना?"

"माग एकाचाच होता."

"माग एकाचा होता आणि एकच होतं यांत…" तिनं वाक्य अर्ध्यावर सोडलं. यावेळी तीही हसली नाही.

तात्सुजीनं मिटलेली गोळी खिशात टाकली आणि बटण लावलं. सासाची कड संध्याकाळच्या उन्हात पिवळी पडली होती. तिकडे पाठ करून तो गाडीपर्यंत चालत गेला. मान एकदाही वळवायची नाही असं त्यानं ठरवलं होतं. ती दोनदा वळली.

उद्या सकाळी साडेसहाला माएगावांचं बीट काढायचं यंत्र सुरू होईल. पहिली ओळ सासाच्या कडेची आहे, आणि कियोए मागच्या फळीवर, रानाकडे पाठ करून उभी असेल.